इंडक्शन शेगडी बिघडली? आधी कारण शोधा, मग पैसे मोजा

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर इंडक्शन शेगडीला तीन गोष्टी बाधतात: खारा दमट वारा, पावसाळ्यातली विजेची ये-जा आणि आत शिरणाऱ्या मुंग्या-झुरळं. कारण तसंच ठेवून नुसता भाग बदलला, तर तोच खर्च पुन्हा बसू शकतो. खालचे दर अंदाजे आहेत. कंपनी आणि गावानुसार ते बदलतील.

बिनखर्चाची तपासणी

- भांडं घेत नाही: तळाला चुंबक लावून बघा. घट्ट चिकटला, तरच भांडं चालेल. साधा अॅल्युमिनियमचा टोप किंवा मातीचं मडकं चालत नाही. घावण्यांचा बिडाचा तवा सपाट तळाचा असेल तर चालतो. पण मंद आचेवर तापवा आणि काचेवरून ओढू नका.
- मध्येच बंद पडते: पंख्याची जाळी धुळीने भरली आहे का, शेगडी भिंतीला चिकटली आहे का, बघा.
- बटणं चालत नाहीत: पिन काढून काच कोरड्या फडक्याने पुसा.
- पिन तापते: 2000 वॉटची शेगडी 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर ओढते. 6 अँपिअरचा सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्ड नको. 16 अँपिअरचा अर्थिंग असलेला पॉइंट हवा.
- पडद्यावर कोड येतो: अर्थ कंपनीगणिक वेगळा, म्हणून माहितीपुस्तिका बघा. कमी व्होल्टेजचा कोड असेल आणि घरातले दिवेही मंद असतील, तर महावितरणला 1912 वर कळवा.

दुरुस्तीचा खर्च (मजुरीसह)

- पंखा: 250 ते 450 रुपये
- फ्यूज आणि आयजीबीटी (वीज चालू-बंद करणारा मुख्य ट्रान्झिस्टर): 400 ते 800
- वरची काच: 700 ते 1,200
- सर्किट बोर्ड: 1,000 ते 1,800

साधी नवी शेगडी 2,000 ते 3,500 रुपयांना मिळते. वॉरंटी संपली असेल आणि दुरुस्ती नव्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर नवी घ्या. आयजीबीटी उडाला असेल तर पंखा फिरतो का, बोर्डावर गंज आहे का, हेही कारागिराला तपासायला सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या.

काचेला तडा गेला असेल तर शेगडी वापरूच नका. सांडलेलं पाणी आत उतरून शॉक बसू शकतो. घरी उघडूही नका, पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. विजेच्या चढउतारासाठी स्टॅबिलायझर घ्यायचा म्हटलं, तर एवढ्या भाराचा शेगडीपेक्षा महाग पडू शकतो. त्यापेक्षा विजा चमकू लागल्या की पिन काढा.

वॉरंटी नाकारली तर

खरेदीआधीच जवळचं सेवा केंद्र कुडाळ-कणकवलीत आहे की कोल्हापूरला, ते विचारा. बिल आणि वॉरंटी कार्ड जपा, तक्रार लेखी द्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची: मुदत 2 वर्षं आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही.