गावातलं लाईट ऑफिस हललं, तुमच्या गल्ल्यातून किती गेलं?

व्हिडिओत हा विषय बारा मिनिटांत उरकला, पण आकडेमोड तोंडी सांगून डोक्यात बसत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

मंडळाचं विभाजन 2005 च्या जूनमध्ये झालं, महावितरण ही वेगळी कंपनी झाली, तरी आपल्याकडे आजही कुणी "महावितरणच्या कार्यालयात जाऊन येतो" म्हणत नाही. "बोर्डात जाऊन येतो", नाहीतर "लाईट ऑफिसला जातो". एखाद्या छोट्या गावातलं हे ऑफिस किंवा त्याची बिल भरायची खिडकी तालुक्याला हलली की पेपरात चार ओळींची बातमी येते. कारण सगळ्यांना माहीत आहे. लोक मोबाईलवरून बिल भरतात, खिडकीवर रांग उरलेली नाही, मग भाडं आणि माणूस कशाला ठेवायचा? कंपनीच्या बाजूने हिशोब बरोबर आहे. पण त्या ऑफिसच्या आजूबाजूला जी पाच-सात दुकानं उभी राहिली होती, त्यांचा हिशोब कोण करणार? तो आपणच करायचा.

एक झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान धरूया. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. रोजचा गल्ला 3,000 रुपये. त्यातले 1,200 रुपये ऑफिसच्या कामाला आलेल्या लोकांचे: आधारची झेरॉक्स, सातबाऱ्याची प्रिंट, अर्ज लिहून देणं, जाता जाता पोराला एक पेन. सरासरी मार्जिन 40 टक्के आणि महिन्याचे 25 दिवस धरले, तर महिन्याला 30,000 रुपये सुटतात. भाडं 6,000 आणि मदतनीस 7,000 वजा केले की मालकाच्या हातात 17,000.

आता ऑफिस गेलं. गल्ला 3,000 वरून 1,800 वर आला, म्हणजे विक्री 40 टक्के घटली. पण भाडं तेवढंच, मदतनीसाचा पगार तेवढाच. 1,800 चे 40 टक्के 720, गुणिले 25, म्हणजे 18,000. त्यातून 13,000 गेले. हातात उरले 5,000. विक्री 40 टक्क्यांनी कमी झाली आणि घरी जाणारा पैसा 70 टक्क्यांनी! बीबीएला हे "फिक्स्ड कॉस्ट" नावाखाली शिकवतात, पण खरं समजतं ते भाड्याच्या तारखेला. "थोडं मंद आहे, होईल सुरळीत" असं म्हणत सहा महिने काढणारा दुकानदार याच गणितात सापडतो.

म्हणून पहिलं काम: दोन आठवडे प्रत्येक गिऱ्हाईकासमोर वहीत एक खूण करा. हा मुद्दाम माझ्याकडे आला, की शेजारच्या ऑफिसला, बँकेला, स्टँडला आला होता म्हणून माझ्याकडे वळला? विचारायला लाजू नका. "दादा, आज इकडं कसं काय?" एवढंच. ज्यांच्या शेजारचं ऑफिस अजून उघडं आहे, त्यांनी तर हे आजच करायला हवं.

इलेक्ट्रिकलचा धंदा असेल तर फटका वेगळ्या जागी बसतो. माझं स्वतःचं इलेक्ट्रिकल-हार्डवेअरचं दुकान आहे म्हणून सांगतो. नवीन कनेक्शन म्हटलं की ए-वन अर्ज आला, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट आला, आणि त्यामागोमाग वायर, एमसीबी, अर्थिंगचं सामान आलं. अर्ज जिथे होतो, सामान तिथेच घेतलं जातं. अर्ज तालुक्याला गेला की गिऱ्हाईक कोटेशन भरून तिथल्याच दुकानातून पिशवी घेऊन येतं. यावर उपाय एकच दिसतो, तो म्हणजे कागद आपल्या काउंटरवर आणायचा. अर्ज ऑनलाइन होतो. तो भरून द्या, कुठली कागदपत्रं लागतात ते एका कागदावर छापून ठेवा, गावातल्या वायरमन मंडळींशी आणि परवानाधारक ठेकेदाराशी आधी बोलून ठेवा. अर्ज भरण्याचे पैसे घेतले नाहीत तरी चालतील, कारण कमाई सामानात आहे.

आता बिलं. "सर, बिल भरणा केंद्र सुरू करू का?" हा प्रश्न हमखास येतो. महावितरणची पेमेंट वॉलेटची सोय आहे. दुकानदार वॉलेटमध्ये आधी पैसे भरतो, त्यातून लोकांची बिलं भरतो आणि पावतीमागे कमिशन मिळतं. योजना आली तेव्हा दर होता पावतीला 5 रुपये, तोच धरून चालू. महिन्याला 400 बिलं म्हणजे 2,000 रुपये. बिल सरासरी 1,200 चं धरलं, तर शेवटच्या तारखेला 40 बिलं आली की एका दिवसात 48,000 रुपये आधी वॉलेटमध्ये हवेत. हे पैसे पतसंस्थेकडून महिना दीड टक्क्याने उचलले, तर 50,000 वर 750 व्याज गेलं. राहिले 1,250.

त्यामुळे कमिशनसाठी हा धंदा करू नका. 400 माणसं महिन्यातून एकदा तुमच्या दारात उभी राहतात, त्यातल्या 60 जणांनी काही घेतलं आणि प्रत्येकी 30 रुपये सुटले तर 1,800 होतात, म्हणजे निव्वळ कमिशनपेक्षा जास्त. पण हे किराणा, स्टेशनरी, मोबाईल रिचार्जवाल्याला जमेल. टाइल्स विकणाऱ्याने कशाला खिडकी उघडायची?

आणि एक गोष्ट जी फारसं कुणी सांगत नाही. 400 बिलं गुणिले 1,200 म्हणजे महिन्याला 4 लाख 80 हजार, वर्षाला 57 लाख 60 हजार रुपये तुमच्या खात्यातून फिरणार. हा पैसा तुमची विक्री नाही, तुमचं उत्पन्न फक्त कमिशन. पण खात्याकडे बघणाऱ्याला ते कसं कळणार? 2025 मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना युपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, आठवतं ना? तेव्हा बिलांसाठी खातं वेगळं, क्यूआर वेगळा, नोंदवही वेगळी. अजून एक: जीएसटी नोंदणीची 40 लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. कमिशन ही सेवा झाली, आणि तिथे मर्यादा 20 लाखांची. ज्यांची विक्री 20 ते 40 लाखांच्या मध्ये आहे त्यांनी वॉलेट घेण्याआधी सीएकडे जाऊन यावं. 2,000 रुपयांच्या कमिशनपायी नोंदणी अंगावर घ्यायची का, हे तेव्हाच ठरेल.

दुकानाच्या स्वतःच्या बिलाचंही बघा. ऑगस्ट 2023 पासून महावितरणचं बिल रोखीत भरायला महिन्याला 5,000 रुपयांची मर्यादा आहे, लघुदाब शेती ग्राहकांना 10,000. पिठाची गिरणी, वेल्डिंग, कोल्ड्रिंकचे दोन-तीन फ्रीज असलेल्या दुकानाचं बिल सहज वर जातं, म्हणजे ऑनलाइन भरणं आलंच. बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि चालू मोबाईल नंबर नोंदलेला हवा. बऱ्याच दुकानांच्या मीटरवर अजून वडिलांचा बंद पडलेला नंबर असतो!

पूर्वी बिल चुकलं की माणूस साहेबांसमोर जाऊन बसायचा. आता समोर साहेब नाही, म्हणून कायदा ठाऊक हवा. विद्युत कायदा 2003, कलम 56: थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेवर वाद असेल तर निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने रक्कम भरली, दोन्हीतली जी कमी असेल ती, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तक्रार 1912 वर करा, पण तिथेच थांबू नका. तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि लेखी अर्जाची पोच घ्या. पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यापुढे विद्युत लोकपाल. तिथे तुमचं तोंडी बोलणं चालत नाही, कागद चालतो.

शेवटचा मुद्दा पैशाचा नाही, पण ऑफिस गेल्यावर गावात सगळ्यात जास्त धोका इथेच आहे. "आज रात्री 9.30 ला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा" असे मेसेज येतात. पूर्वी आजोबा तो मेसेज घेऊन चालत ऑफिसात जायचे, तिथला माणूस म्हणायचा, "काका, खोटं आहे, घरी जा." आता विचारायला कुणी नाही, मग ते त्याच नंबरवर फोन करतात, सांगितलेलं ॲप टाकतात आणि खातं रिकामं होतं. तुमच्या काउंटरवर मोठ्या अक्षरात चार ओळी लावा: खाजगी मोबाईल नंबरवरून आलेला वीजतोडणीचा मेसेज खरा नसतो. कुठलंही ॲप टाकू नका. ओटीपी देऊ नका. शंका असेल तर मेसेज घेऊन दुकानात या, बघून देऊ. यायचे पैसे नाहीत.

दोन आठवड्यांच्या खुणांची वही झाली की ऑफिसमुळे येणारा गल्ला, मार्जिन आणि भाडं-पगार हे तीन आकडे काढून ठेवा. पुढच्या व्हिडिओत भाडं कमी करून घ्यायला घरमालकाशी काय आणि कसं बोलायचं ते बघणार आहोत, तिथे हेच आकडे लागतील.