अनामिक पत्राचे प्रामाण्य

वाचकहो, ‘नव्या करारा’तील ‘इब्री लोकांस पत्र’ उघडून पाहा. पौलाची इतर पत्रे त्याच्या नावाने सुरू होतात. येथे लेखकाचे नावच नाही. तर्तुल्यनाने ते बर्णबाचे मानले. तिसऱ्या शतकातील ओरिगेनने तर, विचार पौलाचे असले तरी लिहिणारा कोण हे ईश्वरासच ठाऊक, अशी कबुली दिली. (ही प्रांजळता आदरणीयच.) तरीही इ. स. ३६७ मध्ये अथनासियसने ते पौलाच्या १४ पत्रांत गणले.

आपले मुहद्दिसीन सनदेतील एक रावी अज्ञात निघाला, तरी सामान्यतः हदीस जईफ ठरवीत. मजकूर कितीही सुंदर असो. हजरत ईसा (अलै.) यांच्यावर अवतरलेल्या इंजीलवर आपण ईमान बाळगतो, पण अनामिक पत्रास ते स्थान कसे द्यावे? ख्रिस्ती मित्रापुढे हा प्रश्न मांडाल, तेव्हा ओरिगेनचेच नाव घ्या. तो त्यांच्याच घरचा साक्षीदार आहे.