जमिनीच्या पोटातील स्थिर उष्णतामान व घराचा गारवा

वैशाखातील दुपारी विहिरीचे नुकतेच उपसलेले पाणी अंगावर घेतले असता गार लागते. पौषातील पहाटे तेच पाणी कोमट लागते व त्यावर वाफ दिसते. ऋतूप्रमाणे पाणी बदलते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः पाणी जवळजवळ आहे तसेच राहते. बदलते ती वरची हवा. एवढे ध्यानात आले म्हणजे या लेखाचा निम्मा विषय समजला.

दिवसाच्या उन्हाचा व रात्रीच्या गारठ्याचा परिणाम जमिनीत हात-दीड हातापेक्षा फारसा खोल पोचत नाही. उन्हाळा-हिवाळ्याचा फेर अधिक खोल उतरतो. पण तोही उतरता उतरता क्षीण होतो व मागे पडतो. दहा फुटांवर उन्हाळ्याची ऊब पोचेपर्यंत वर पावसाळा लागलेला असतो. तीस-पस्तीस फुटांखाली तर वर्षभरात फारसा फरक पडत नाही, आणि तेथील उष्णतामान त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असते. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या ऊन पाण्याच्या कुंडांशी याची गल्लत करू नये. त्या कुंडांतील उष्णता फार खोलातून येते. आपण बोलतो आहोत ती सूर्याचीच, जमिनीने साठविलेली.

स्वीडनसारख्या थंड देशात खोल विंधणांत द्रव फिरवून, उष्मापंपाच्या साहाय्याने घरे उबदार राखतात. आपल्याकडे त्याहून सोपी रीत म्हणजे जमिनीत नळी पुरून तिच्यातून बाहेरची हवा पंख्याने घरात घेणे. अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेतील संशोधकांनी या रीतीचे प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. 10 सेंटीमीटर व्यासाची 50 मीटर लोखंडी नळी त्यांनी 3 मीटर खोल पुरली व 400 वॉटच्या ब्लोअरने तिच्यातून हवा सोडली. त्या खोलीवर मातीचे उष्णतामान मे महिन्यात 26.6 अंश व जानेवारीत 24.2 अंश सेल्सिअस भरले. मे महिन्यातील तापलेली हवा नळीतून बाहेर पडताना जास्तीत जास्त 14 अंशांनी उतरली. जानेवारीच्या रात्री थंड हवा जवळजवळ तितकीच चढली. यंत्र दिवसा सात तास चालवून रात्री बंद ठेवीत, कारण नळीभोवतीची माती तापते व तिला निवण्यास अवधी लागतो.

हे आकडे ऐकून कोणी उद्याच चर खणू लागेल, म्हणून थोडा हिशेब करू. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीतील सारी हवा या नळीने सुमारे साडेसहा मिनिटांत बदलते. वीज सात तासांस 2.8 युनिट लागते. परंतु मिळणारा गारवा एक टनी वातानुकूल यंत्राच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडासाच अधिक आहे, आणि खर्च होणाऱ्या विजेच्या मानाने तो सुमारे सव्वातीन पट भरतो. चांगले वातानुकूल यंत्रही इतके काम देते. म्हणजे अरुंद नळीत हवा वेगाने ढकलल्यास विजेची मोठी बचत होत नाही. नळी रुंद व हवा मंद असावी. गुडगावजवळ ग्वाल पहाडी येथे टेरी संस्थेच्या निवासी इमारतीसाठी 4 मीटर खोल जे चार बोगदे घातले, ते प्रत्येकी 70 मीटर लांब व 70 सेंटीमीटर व्यासाचे आहेत, यातील मर्म हेच.

खरा खर्च खोदाईचा आहे. 165 फूट लांब, 2 फूट रुंद व 10 फूट खोल चर म्हणजे 33 ब्रास माती. बाजूंना उतार दिला तर कितीतरी अधिक. जेथे हातभर खाली कातळ लागतो तेथे हा विचारच सोडावा. विदर्भात पाणी मुबलक असेल तर वाळ्याची ताटी किंवा कूलर याहून पुष्कळ स्वस्त पडतो. जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, जमीन खोल आहे आणि पाइपलाइन वा पाया यासाठी चर खणावयाचाच आहे, तेथे मात्र या नळीचा विचार अवश्य व्हावा. तिला पाण्याचा थेंबही लागत नाही. कोकणात मे महिन्यातील हवा व जमीन यांच्या उष्णतामानातील अंतर थोडे, दमटपणा मात्र फार. तेथे नळीतून ओलसर हवा येऊन भिंतींना बुरशी धरेल.

काळ्या चिकण जमिनीत माती फुगते व आकसते, त्यामुळे सांधे उकलतात. नळीभोवती मुरूम ठोकून भरावा. सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की तेथील मातीच तशी घट्ट व खोल होती म्हणून ती टिकली; तरीही 2005 च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवांची हानी झाली. पूररेषेत नळी पुरू नये. शोषखड्डा वा शेणाचा उकिरडा यांपासून ती दूर असावी, अन्यथा घाण हवा घरात ओढली जाईल. नळीस शंभर फुटांस एक फूट उतार देऊन शेवटी पाणी काढण्याची सोय करावी, व तोंडाशी बारीक जाळी बसवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सल्ला देण्यापूर्वी एक मोजमाप करावे. मे महिन्यात कूपनलिका थोडा वेळ चालवून ताज्या पाण्यात तापमापक बुडवावा व दुपारच्या सावलीतील हवेचे मान शेजारी लिहावे. दोहोंत दहा अंशांचेही अंतर नसेल तर शेतकऱ्यास आधी छपराला चुना देण्यास व पश्चिमेस झाडे लावण्यास सांगावे.

चर खणताना मात्र कोणतीही घाई करू नये. पुरुषभर खोलीच्या चराची कड ढासळली तर आतील माणसास बाहेर पडण्यास वेळच मिळत नाही. फळ्या व धिरे लावल्याविना कोणासही आत उतरवू नये, उपसलेली माती कडेपासून चार फूट दूर टाकावी, आणि वळवाचा पाऊस पडून गेल्यावर चराची कड तपासल्याखेरीज पुन्हा काम सुरू करू नये.