घरगुती डीव्हीडी : चित्ररूपांतरातील अडचणी आणि त्यांची उकल

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरात कोणतेही यंत्र अडले की ‘तू शिकतेस ना?’ असे म्हणून ते माझ्यापुढे ठेवले जाते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अशीच एक व्हिडिओ कॅसेट माझ्यापुढे आली. १९९८ साली झालेल्या धाकट्या काकांच्या लग्नाची ही कॅसेट आजीने ट्रंकेत साडीच्या घडीत जपून ठेवली होती. आजोबा २००१ साली वारले. त्यांचे फोटो दोन आहेत, पण त्यांचे चालणे-बोलणे फक्त या कॅसेटमध्ये आहे. मी तर त्यांना पाहिलेलेच नाही. कॅसेट चालवणारे यंत्र आता आमच्या घरी नाही. आजीपाशी पेटीचा जुना टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर मात्र आहे, आणि त्याचा रिमोट तिला पाठ आहे. तेव्हा डीव्हीडीच करायची असे ठरले.

तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत जुना व्हीसीआर मिळाला, मैत्रिणीने लॅपटॉप दिला, आणि व्हीसीआर लॅपटॉपला जोडणारे एक लहानसे उपकरण विकत आणले. तीन दिवसांचे काम समजले होते. तीन आठवडे लागले आणि पाच तबकड्या वाया गेल्या. त्या पाच तबकड्यांनी जे शिकवले ते बंधुभगिनींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली तबकडी प्लेअरने वाचलीच नाही. संगणकावरील फाइल तबकडीवर उतरवली की डीव्हीडी झाली, हा माझा समज. प्लेअरला मात्र ठरावीक साचाच कळतो. चित्र एमपेग-२ पद्धतीचे हवे, आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा हवा, आणि हे सर्व व्हिडिओ टीएस नावाच्या फोल्डरात विशिष्ट तुकडे पाडून ठेवलेले हवे. डीव्हीडीस्टायलर हा मोफत प्रोग्रॅम हे सारे करून देतो.

त्याने केलेली दुसरी तबकडी चालली, पण वऱ्हाडी मंडळी अडखळत चालत होती. प्रोग्रॅममध्ये एनटीएससी ही अमेरिकेची पद्धत निवडलेली राहिली होती. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे, प्रत्येक ७२० बाय ५७६ बिंदूंचे. एनटीएससीत सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे, ७२० बाय ४८० बिंदूंची. पंचवीसाची तीस करण्यासाठी प्रोग्रॅम दर सेकंदाला पाच चित्रे पुन्हा दाखवतो, आणि चालणारा माणूस तेवढ्या वेळा थबकतो. निवड बदलताच हा दोष गेला.

तिसऱ्या तबकडीचा दोष आजीने काढला. पडद्याच्या वर-खाली काळे पट्टे होते आणि मधली माणसे दबल्यासारखी दिसत होती. ती म्हणाली, “अगं, हे असे बुटके नव्हते. चांगले उंच होते.” पाल डीव्हीडीत चौकोनी आणि रुंद या दोन्ही चित्रांचे बिंदू तेवढेच असतात, कोणते कसे दाखवायचे याची फक्त एक खूण प्लेअरसाठी असते. मी ४:३ ऐवजी १६:९ ही खूण दिली होती. माझ्या लॅपटॉपचा पडदा रुंद, म्हणून मला तेच योग्य वाटले. आजोबांची उंची मला ठाऊक असती तर हा दोष मलाही दिसला असता.

यापुढची अडचण मात्र मी स्वतःच ओढवून घेतली, आणि ती जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. लॅपटॉपवर पाहताना अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडांवर फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसत. हा बिघाड समजून मी त्या पुसून टाकण्याची सोय वापरली. वास्तविक हा बिघाड नव्हेच. जुन्या टीव्ही पद्धतीत एक चित्र दोन अर्धचित्रांत दाखवतात. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. सेकंदाला अशी ५० अर्धचित्रे होतात. दोन अर्धचित्रांमध्ये हात पुढे सरकलेला असतो, आणि लॅपटॉप ती दोन्ही एकदम दाखवतो म्हणून रेघा दिसतात. पेटीचा टीव्ही ती एकामागून एक दाखवतो, तिथे रेघा दिसतच नाहीत. मी मात्र रेघांबरोबर निम्मी हालचालही पुसली होती. मग मूळ फाइल घेऊन पुन्हा रूपांतर केले, तर वेगळाच घोटाळा झाला : मंडप स्थिर, पण चालणारी माणसे थरथरत होती, जणू पाऊल पुढे टाकून मागे घेत होती. याचे कारण अर्धचित्रांचा क्रम उलटा लागला होता. कॅसेटवरून घेतलेल्या चित्रणात बहुधा वरची ओळ आधी असते, डीव्ही कॅमेऱ्याच्या चित्रणात खालची. पुष्कळ हालचाल असलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा दोन्ही क्रमांनी करून पाहावा, आणि तोही ज्या टीव्हीवर डीव्हीडी लागणार त्याच टीव्हीवर पाहावा. यासाठी पुसून पुन्हा वापरता येणारी तबकडी घ्यावी. हे मला पाचव्या तबकडीनंतर सुचले.

एवढे झाल्यावर सर्वांत अवघड दोष उरला. पंगतीच्या प्रसंगात आजोबा ओळीतून फिरत “सावकाश होऊ द्या” म्हणतात. साऱ्या कॅसेटमध्ये त्यांचे तेवढेच शब्द आहेत. “ह्यांचं तोंड अगोदर हलतंय, आवाज मागनं येतोय,” आजी म्हणाली. मी आवाज दोन सेकंद अलीकडे ओढला. पंगत जमली, पण आता मंगलाष्टके बिघडली.

अशा वेळी सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी पाहावे. फरक सर्वत्र सारखा असेल तर आवाज तेवढा सरकवून भागते. फरक वाढत जात असेल तर दोष रूपांतराचा नसून त्याच्या मागे आहे. आमची पंगत १ तास १० मिनिटांवर येते. तेवढ्यात १,०५,००० चित्रे होतात. कॅसेटमधून चित्रण उतरवताना त्यांतील फक्त ५० गळली तरी चित्र दोन सेकंद पुढे जाते, आवाज मात्र गळत नाही. चित्रे गळतात ती बहुधा जिथे चित्रकाराने कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला त्या सांध्यांवर, किंवा लॅपटॉप दुसऱ्या कामात गुंतला असताना. मी फाइल पेनड्राइव्हवर उतरवत होते आणि शेजारी गाणी लावली होती! सारे बंद करून, लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर, कॅसेट पुन्हा पहिल्यापासून उतरवली. तरीही थोडा फरक उरला, तेव्हा सांध्यांवर सहा तुकडे पाडून प्रत्येकाचा आवाज वेगळा जुळवला. मोबाइलच्या चित्रणातही आवाज असाच सरकतो, कारण तिथे सेकंदाला चित्रे किती हे कमीजास्त होत असते. आधी ती सेकंदाला नेमकी २५ करून घ्यावीत, मग पुढे जावे.

प्रत्येक वेळी मूळ फाइलपासूनच रूपांतर करावे. रूपांतराचे रूपांतर म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

तबकडीत किती मावेल याचा हिशेब मात्र सोपा आहे. ४.७ जीबी म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. संगणक हीच जागा ४.३७ दाखवतो, त्याने बिचकू नये. आमचे दीड तासाचे म्हणजे ५,४०० सेकंदांचे चित्रण होते. भागाकार जवळजवळ ७ येतो. आवाजाला आणि इतर गोष्टींना थोडे सोडून चित्राला सेकंदाला ६ मेगाबिट दिले. तीन तासांची कॅसेट एकाच तबकडीत कोंबली तर हा आकडा साडेतीनच्या खाली जातो, आणि गर्दीच्या दृश्यात चौकटी फुटू लागतात. त्यापेक्षा दोन तबकड्या कराव्यात. तबकडी लिहिताना वेग कमी ठेवावा.

सहावी तबकडी भाऊबीजेनंतर आठ दिवसांनी लागली. आजोबा उंच दिसले, सरळ चालले, आणि शब्द ओठांवरच उमटले. आजीने तेवढा भाग चार वेळा मागे घेतला, आणि प्रत्येक वेळी तो थोडा पुढे निसटला. म्हणून नव्या प्रतीत मी पंगतीच्या सुरुवातीला प्रकरणाची खूण घातली आहे. रिमोटवरचे ‘पुढे’चे बटण पाच वेळा दाबले की आजोबा पंगतीत येतात.