मुक्त मूलके व त्वचेचे आरोग्य : नागझिरा परिसरातील विचार

गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अरण्याभोवतीच्या गावांत चैत्रात मोहफुले वेचली जातात आणि वैशाखात तेंदूपाने तोडली जातात. या हंगामानंतर गालांवर व कपाळावर काळसर, वेदनारहित डाग घेऊन स्त्रीरुग्ण चिकित्सालयात येतात. सुश्रुताने क्षुद्ररोगांत वर्णिलेले व्यंग, लोकभाषेतील वांग, बहुधा हेच असते.

ज्या अणुरेणूंत एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो, ती मुक्त मूलके होत. ती शेजारच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन हिरावून घेतात. वार्धक्याशी त्यांचा संबंध डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. शरीरात ती नित्य उत्पन्न होतात व सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज ही विकरे त्यांना आवर घालतात. प्रखर उन्हातील अतिनील किरणांनी हे संतुलन ढळते. मग त्वचेच्या खालच्या थरातील कोलॅजेन तोडणारी विकरे वाढून सुरकुत्या पडतात. रंगपेशी चेतून मेलॅनिनही वाढते. भ्राजक पित्ताची दुष्टी येथे सहज आठवते; तथापि मुक्त मूलक म्हणजेच पित्त, असे समीकरण मांडण्याचा मोह वैद्यांनी टाळावा. दोन्ही शास्त्रांची परिभाषा भिन्न आहे.

चिकित्सेत निदानपरिवर्जन प्रथम. काम सकाळी लवकर उरकणे, पूर्ण बाह्यांचे सुती वस्त्र, डोके व चेहरा झाकणे, हे सांगितल्यावाचून लेपाची पुडी देऊ नये. अभ्यंतर आमलकी चूर्ण ३ ते ६ ग्रॅम, अग्निबल पाहून द्यावे. चरकाने रसायनात गौरविलेला आवळा याच अरण्यात मिळतो.

औषधालयचालकांनी मात्र बाटलीवरील 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाला भुलू नये. श्वेतपेशी जंतुनाशासाठी हीच मूलके वापरतात, म्हणून ती सर्वस्वी शत्रू नव्हेत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. आहारातील द्रव्य आणि त्यातून वेगळा काढलेला घटक यांत हा भेद आहे.

प्रत्येक डाग उन्हाचा नसतो. बिब्ब्याचा चीक लागल्यास दाह, फोड व नंतर काळा वण राहतो; तेथे इतिहास विचारावा. पूर्व विदर्भात कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळतात. व्यंगात वेदना नसते, पण स्पर्शज्ञान शाबूत असते. फिकट वा तांबूस चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर रसायन देत वेळ न दवडता रुग्णास शासकीय आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो.