टॉक्सोप्लाझ्मोसिस आणि गरोदरपण : ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ आल्यावर

टॉक्सोप्लाझ्मोसिस हा टॉक्सोप्लाझ्मा गोंडी या एकपेशीय परोपजीवीचा संसर्ग. १९०८ साली ट्युनिसमध्ये शार्ल निकोल आणि लुई मांसो यांना हा जीव गुंडी नावाच्या एका कृंतक प्राण्यात दिसला, तर त्याच वर्षी ब्राझीलमध्ये आल्फोन्सो स्प्लेंडोर यांना तो सशात सापडला. आईकडून पोटातल्या बाळाला त्याची लागण होते, हे न्यूयॉर्कमधल्या एका तान्ह्या बाळाच्या अभ्यासातून १९३९ मध्ये सिद्ध झाले. मांजराच्या आतड्यात त्याची वाढ पूर्ण होते, हे मात्र १९७० च्या सुमारास कळले. त्या संशोधनात जे. पी. दुबे या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता.

धडधाकट माणसाला या संसर्गाचा सहसा पत्ताही लागत नाही. कधी मानेच्या गाठी सुजतात, थोडी कणकण येते, चार दिवस थकवा राहतो आणि विषय संपतो. जंतू मात्र स्नायूंत आणि मेंदूत सूक्ष्म पुटी करून जन्मभर सुप्त पडून राहतात. शरीरात तयार झालेले प्रतिपिंडही जन्मभर टिकतात, त्यामुळे एकदा संसर्ग होऊन गेलेल्या निरोगी बाईच्या गर्भाला पुढे धोका राहत नाही. एचआयव्ही असणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी, कारण तिच्यात जुना संसर्ग पुन्हा डोके वर काढू शकतो. बाकी साऱ्यांसाठी काळजीचा प्रसंग एकच : आयुष्यातला पहिला संसर्ग नेमका गरोदरपणात किंवा दिवस राहण्याच्या थोडे आधी होणे.

अशा वेळी बाळाला लागण होण्याची शक्यता महिन्यागणिक वाढत जाते. पहिल्या तीन महिन्यांत ती साधारण १० ते १५ टक्के असते आणि शेवटच्या तिमाहीत ६० टक्क्यांच्या वर जाते. इजेचे गणित उलटे आहे. सुरुवातीच्या महिन्यांत लागण क्वचित होते, पण झाली तर मेंदूत पाणी साठणे, मेंदूत चुन्याचे ठिपके, डोळ्याच्या पडद्याला सूज किंवा गर्भपात इथवर मजल जाते. शेवटच्या महिन्यांत लागण झालेले बाळ बहुधा ठणठणीत दिसते आणि त्रास डोळ्यांच्या रूपाने काही वर्षांनी पुढे येतो.

भारतात या संसर्गाचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांच्या रक्ततपासणीवर आधारलेला एक देशव्यापी अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२.४ टक्के स्त्रियांत जुन्या संसर्गाची खूण आढळली. दक्षिणेत हा आकडा ३७.३ टक्के होता, पश्चिम भारतात सर्वांत कमी म्हणजे ८.८ टक्के. ठाण्यातल्या बाईसाठी या शेवटच्या आकड्याचे दोन अर्थ निघतात. पहिला असा की इथल्या बहुसंख्य गर्भवतींना या जंतूपासून आधीचे संरक्षण नाही, म्हणून स्वयंपाकघरातली काळजी खरोखर घ्यायला हवी. दुसरा अर्थ फारसा कोणी सांगत नाही, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. आजार विरळ असला की एकट्या पॉझिटिव्ह चाचणीवरचा भरवसा कमी होतो, कारण खऱ्या पॉझिटिव्हच्या जोडीला खोट्या पॉझिटिव्हची संख्या मोठी असते.

गर्भवतीच्या सरकारी तपासणीत हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ‘ब’ आणि साखर या गोष्टी येतात. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीतही टॉक्सोप्लाझ्मा नाही. फ्रान्समध्ये मात्र संरक्षण नसलेल्या गर्भवतीची दर महिन्याला चाचणी होते, कारण अर्धेकच्चे मांस खाणाऱ्या त्या देशात १९६५ च्या सुमारास ८० टक्क्यांहून अधिक गर्भवतींना हा संसर्ग होऊन गेलेला असे. ब्रिटन आणि अमेरिकेत सरसकट चाचणी करत नाहीत. आपल्याकडे ही चाचणी येते ती खाजगी दवाखान्यात, ‘टॉर्च’ या एकत्रित तपासणीचा भाग म्हणून, आणि तीही बहुतेकदा आधीचा गर्भ पडला असेल तर. इथेच घोळ सुरू होतो. वारंवार गर्भपात होण्याचे कारण टॉक्सोप्लाझ्मा असू शकत नाही, कारण पहिल्या संसर्गानंतर शरीर पुढच्या गर्भाचे रक्षण करते. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने वारंवार गर्भपाताच्या तपासात टॉर्च चाचणीचा उपयोग नाही, असे २००३ मध्येच नमूद केले होते. आपल्याकडे ती आजही लिहून दिली जाते.

ठाण्यातल्या बाळकुम नाक्याजवळच्या एका घरातला अनुभव पुरेसा बोलका आहे. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात गर्भ पडलेला, त्यामुळे दुसऱ्या खेपेला अकराव्या आठवड्यात टॉर्च लिहून दिली गेली. रिपोर्ट रात्री मोबाइलवर आला. टॉक्सोप्लाझ्मा आयजीएमची ओळ ठळक अक्षरांत आणि पुढे ‘पॉझिटिव्ह’. घरातला पहिला राग निघाला तो जिन्याखाली झोपणाऱ्या मांजरीवर. ‘तिला आधी कशेळीच्या पुलापलीकडे सोडून या,’ असे सासूबाईंनी सांगितले. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या नात्यातल्या बाईने ‘उगाच जीव टांगणीला लावण्यापेक्षा पिशवी साफ करून घे, वय काय गेलं नाही तुझं’ असा सल्ला दिला, आणि दवाखान्यातही त्या वाटेला कोणी ठाम नकार दिला नाही. रिपोर्ट नीट वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली : लॅबने फक्त आयजीएम केले होते, आयजीजी केलेच नव्हते. दुसऱ्या प्रसूतितज्ज्ञांनी आयजीएम आणि आयजीजी दोन्ही पुन्हा करायला सांगितले, जोडीला आयजीजी ॲव्हिडिटी. चौदाव्या आठवड्यातल्या त्या नमुन्यात आयजीजी पॉझिटिव्ह आले आणि ॲव्हिडिटी उच्च. म्हणजे संसर्ग दिवस राहण्याआधीचा, गर्भाला धोका नाही. बाळंतपण दिवस भरून सुखरूप झाले. एका अर्धवट रिपोर्टवर निर्णय झाला असता तर एक निरोगी गर्भ हकनाक गेला असता.

यामागचे शास्त्र गुंतागुंतीचे नाही. संसर्ग झाल्यावर पहिल्या आठवडाभरात आयजीएम प्रतिपिंड दिसू लागतात, आणि आणखी आठवडा-दोन आठवड्यांत आयजीजी. आयजीएम लवकर ओसरायला हवे, पण अनेकांत ते कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ रेंगाळते. शिवाय बाजारातले काही किट दुसऱ्याच कुठल्या प्रतिपिंडालाही प्रतिसाद देतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केवळ आयजीएम किटवर विसंबून गर्भवतीबाबत निर्णय घेऊ नये, असा इशारा १९९७ मध्ये दिला होता. कॅलिफोर्नियातल्या एका संदर्भ प्रयोगशाळेने २००१ मध्ये ८११ आयजीएम-पॉझिटिव्ह गर्भवतींचे निष्कर्ष मांडले. बाहेरच्या लॅबमध्ये पॉझिटिव्ह ठरलेल्या या स्त्रियांपैकी सुमारे ६० टक्के जणींचा संसर्ग जुना निघाला.

ॲव्हिडिटी म्हणजे आयजीजी प्रतिपिंडाची जंतूवरची पकड. संसर्ग नवा असताना ही पकड सैल असते, महिने जातात तशी घट्ट होत जाते. पहिल्या सोळा आठवड्यांच्या आत घेतलेल्या रक्तात ॲव्हिडिटी उच्च आली, तर संसर्ग किमान चार महिन्यांपूर्वीचा, म्हणजे गर्भधारणेआधीचा धरतात. म्हणून ही चाचणी लवकर करण्यात अर्थ आहे. सातव्या महिन्यात ॲव्हिडिटी उच्च आली तरी सुरुवातीच्या महिन्यांबद्दल ती काही सांगू शकत नाही. ॲव्हिडिटी कमी आली म्हणजे संसर्ग नवाच, असेही नाही, कारण काहींमध्ये ती वर्षभर कमीच राहते. अशा वेळी दोन ते तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी तपासून घ्यावे लागतात. आयजीजीची पातळी ठळकपणे चढत असेल तर संसर्ग ताजा, एका जागी ठरली असेल तर जुना. दोन वेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे फसवे ठरते.

आयजीजी निगेटिव्ह आणि आयजीएम पॉझिटिव्ह आले, तर एकतर संसर्ग अगदी नुकताच झालेला असतो किंवा आयजीएम खोटे असते. दोन-तीन आठवड्यांनी आयजीजी पुन्हा करावे. तेव्हाही ते निगेटिव्ह राहिले तर आयजीएम खोटे होते, हे स्पष्ट होते. दोन्ही निगेटिव्ह असतील तर संसर्ग नाही आणि संरक्षणही नाही. फक्त आयजीजी पॉझिटिव्ह असेल, तर पहिल्या तिमाहीतला असा रिपोर्ट ही चांगली बातमी आहे. पुष्कळ घरांत मात्र ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचूनच धास्ती घेतली जाते.

ॲव्हिडिटीची तपासणी लहान लॅबमध्ये होत नाही. नमुना मोठ्या साखळीच्या मुख्य प्रयोगशाळेकडे जातो आणि रिपोर्टला काही दिवस लागतात. ते दिवस कठीण जातात, पण थांबायला वेळ असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्याची मुदत ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गेली आहे, आणि बाळात गंभीर व्यंग आढळले तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते. अकराव्या आठवड्यात घाई करण्याचे कारण नाही.

संसर्ग खरोखर नवा ठरला, तरी त्याचा अर्थ बाळाला लागण झाली असा होत नाही. डॉक्टर स्पायरामायसिन सुरू करतात. हे औषध वारेत साठते आणि जंतू बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी करण्यासाठी दिले जाते. बाळाला लागण झाली आहे का, हे पाहण्यासाठी अठराव्या आठवड्यानंतर आणि संसर्गाला किमान चार आठवडे उलटल्यावर गर्भजल काढून त्याची पीसीआर चाचणी करतात. लागण निघालीच तर पायरीमेथामिन, सल्फाडायाझिन आणि जोडीला फोलिनिक ॲसिड असा उपचार असतो. पायरीमेथामिन पहिल्या तिमाहीत देत नाहीत. सोनोग्राफीत मेंदूतल्या पोकळ्या आणि चुन्याचे ठिपके वारंवार पाहिले जातात. हे सारे काम गर्भवैद्यक तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावे. नुसत्या आयजीएमवर स्पायरामायसिनची पाने महिनोन्‌महिने खात राहणे, ही सवय सोडायला हवी.

आता प्रतिबंध. मांजर जंतू बाहेर टाकते ते बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतरचे एक ते तीन आठवडे, आणि फक्त विष्ठेतून. केसांतून लागण होत नाही, कुरवाळण्याने होण्याची शक्यताही नगण्य. विष्ठेतले ऊसिस्ट, म्हणजे जंतूची कवचबंद रूपे, लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे घरच्या मांजरीची घाण दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ केली की प्रश्न मिटतो. तिला कच्चे चिकन घालू नये, एवढे पथ्य पुरे. तिला पुलापलीकडे नेऊन सोडण्याची गरज नाही.

खरा धोका ओल्या मातीत आहे, कारण तिथे ऊसिस्ट वर्षभरही तग धरतात. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत या पट्ट्यात सतत इमारती उभ्या राहत असतात आणि बांधकामाजवळचे वाळूचे ढीग ही भटक्या मांजरांची हक्काची जागा. बाल्कनीतल्या आणि आवारातल्या कुंड्यांचेही तेच. कुंडीत हात घालताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. डोहाळ्यांत माती खावीशी वाटणाऱ्या बायका आजही आहेत. त्यांना रागावण्यापेक्षा डॉक्टरांकडे नेऊन लोह तपासावे, आणि तुळशीच्या कुंडीतली माती तोंडात जाऊ देऊ नये.

मांसाचा प्रश्न शिजवण्याचा आहे. कुकरला शिट्या काढून केलेले आगरी-कोळी घरातले मटण पूर्ण सुरक्षित असते, कारण ६७ अंशांच्या वर पुटीतले जंतू मरतात. अडचण असते ती गटारीच्या दिवशी तव्यावर मिनिटभर परतून ‘नरम आहे तोवर’ खाल्लेल्या कलेजीत, आत लालसर राहिलेल्या कबाबात आणि कच्च्या खिम्याचे मीठ चाखून बघण्यात. मटण कापलेल्या विळीवरच लगेच कोशिंबिरीची काकडी चिरली जाते, तीही एक वाट आहे. विळी आणि पाट आधी धुवावेत. फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवल्याने जंतू मेलेच, असे धरून चालू नये. खाडीतली कालवं आणि शिवल्या पाण्यातले ऊसिस्ट आपल्यात साठवू शकतात, म्हणून त्या पूर्ण शिजवून खाव्यात. कोथिंबीर, मुळा, पालेभाज्या वाहत्या पाण्याखाली पाने सुटी करून धुवाव्यात.

पाण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. २००४-०५ मध्ये कोइमतूरला टॉक्सोप्लाझ्मामुळे डोळे बिघडलेले जवळपास अडीचशे रुग्ण आढळले आणि संशयाची सुई शहराच्या पाणीपुरवठ्याकडे गेली. क्लोरिनने ऊसिस्ट मरत नाहीत. टँकरचे पाणी येणाऱ्या इमारतीत गर्भवतीने पाणी उकळून प्यावे.

गरोदरपणात संसर्ग झालेल्या आईचे बाळ जन्मतः कसेही दिसो, त्याची रक्ततपासणी आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी व्हायलाच हवी. आईकडून आलेले आयजीजी बाळाच्या रक्तातून वर्षभरात नाहीसे होते. ते टिकून राहिले तर लागण पक्की. लागण झालेल्या बाळाचा उपचार साधारण वर्षभर चालतो आणि डोळे त्यापुढेही अनेक वर्षे दाखवत राहावे लागतात.

मूल होऊ देण्याचा विचार असेल आणि ही चाचणी करायचीच असेल, तर दिवस राहण्याआधी आयजीजी करून घेणे सर्वांत उत्तम. पॉझिटिव्ह आलेला तो कागद लग्नपत्रिका आणि आधार कार्डाच्या फायलीत जपून ठेवावा, कारण निरोगी बाईला ही चाचणी पुढच्या कुठल्याही बाळंतपणात पुन्हा करावी लागत नाही.