विंचूदंश : संशोधन काय सांगते?

विंचू चावल्यावर पहिल्या काही तासांत काय करावे, याविषयी आजही अनेक गैरसमज आढळतात. म्हणून या विषयावरील संशोधन सभासद व विद्यार्थ्यांपुढे सोप्या भाषेत मांडावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

कोकणात व महाराष्ट्राच्या इतर भागांत आढळणारा लाल विंचू अत्यंत घातक होय. त्याच्या विषाने चेतातंतू अतिउत्तेजित होतात. ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व हृदयावर मोठा ताण येतो. दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे होत. पुढे फुप्फुसांत पाणी साठून रोगी दगावतो. वेदना कमी आहे म्हणून धोका नाही, असे मुळीच समजू नये.

रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांचा बारकाईने अभ्यास केला. प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा ताण उतरवते, हा त्यांचा अनुभव 1986 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही साधी, स्वस्त गोळी खेड्यातील दवाखान्यातही देता येते. 2022 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पुढचा प्रश्न होता, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरील लस दिल्यास अधिक लाभ होतो काय? डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथेच 70 रोग्यांवर याची तुलना केली. 2011 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही औषधे दिलेल्या 35 पैकी 32 रोगी 10 तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या 35 पैकी 8. बरे होण्यास सरासरी अनुक्रमे सुमारे 4 व 19 तास लागले. रोग्यांची संख्या लहान होती व कोणाला कोणते औषध दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

यावरून आपण काय शिकावे? मंत्रतंत्र, जखम कापणे, घट्ट आवळून बांधणे यांत वेळ दवडू नये. दंशाची वेळ लिहून ठेवावी व रोग्यास तत्काळ जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. प्राझोसिन डॉक्टरांनीच द्यावे. ते दिल्यावर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रोग्यास आडवेच ठेवावे. लहान मुलास कडेवर घेऊन फिरू नये.

उपचार आपल्याच मातीत सिद्ध झाला आहे. रोगी वेळेवर पोहोचवणे मात्र आपल्या हाती आहे.